पाठमोरे सर

मला आयुष्यात फारशा माणसांचा हेवा वाटला नाही. भावानं नागपुरात धंतोलीत बंगला बांधला, माझ्यामागून नोकरीला लागलेला माणूस माझाच प्राचार्य झाला, वर्गातला सगळ्यात ढ मुलगा परदेशी जाऊन आला, तरी माझी झोप कधी मोडली नाही. या सगळ्यांच्या वाट्याचा हेवा देवानं बहुधा एकाच ठिकाणी साठवून ठेवला होता, आणि वसंत वैरागडे आमच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला आला त्या दिवशी तो सगळाच्या सगळा माझ्या ओटीत टाकला.

सत्तरच्या आसपासचे ते दिवस. मी कॉलेजात पी. टी. सर होतो आणि संध्याकाळी महाल भागातल्या आमच्या मंडळाच्या मैदानावर कबड्डीची पोरं घडवत होतो. 'घडवत होतो' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. मला तेव्हा त्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. माझं सारं भांडवल म्हणजे माझा आवाज. मी रेषेबाहेरून 'पाय टाक!' म्हणून ओरडलो की पलीकडच्या गल्लीतला सायकलरिक्षावालाही दचकून ब्रेक दाबायचा. पोरं चढाईला जायची ती माझ्या आवाजाच्या दोरीला बांधलेली. कुठे वळायचं, कोणाला हात लावायचा, कधी परतायचं, सगळं मी बाहेरून सांगायचो आणि ती ऐकायची. त्यात मला अपार सुख होतं.

अशा मैदानावर एक दिवस वैरागडे आला. किडकिडीत माणूस, टेरिकॉटचा बुशशर्ट, पॅन्टला सायकलची क्लिप, आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. ते बूट त्यानं मैदानावर यायचं म्हणून खास विकत घेतले असावेत, कारण पुढच्या इतक्या वर्षांत मी त्यांच्यावर मातीचा डाग पाहिला नाही. आयुष्यात त्यानं कुठलाही खेळ खेळला नव्हता. एकदा स्टाफरूममध्ये मी गमतीनं त्याच्याकडे खडूचा तुकडा उडवला, तर त्यानं झेलायला दोन्ही हात पुढे केले आणि खडू कपाळावर घेतला. वर मलाच विचारलं, "भुसारी सर, फेकताना तुम्ही माझ्या हाताकडे पाहून राहिले होते का तोंडाकडे?"

तर हा माणूस घडीची खुर्ची घेऊन आला, मला म्हणाला, "थोडा वेळ बसू का सर इथं?" आणि मी हो म्हणायच्या आत त्यानं खुर्ची मांडली. मैदानाकडे पाठ करून. समोर मंडळाची भिंत, भिंतीवर तेलाची जाहिरात, आणि हा तिच्याकडे तोंड करून डोळे मिटून बसला.

पोरांत खसखस पिकली. एकानं धीर करून सांगितलं, "सर, खेळ इकडं चालू हाय."

"माहीत आहे ना गा," वैरागडे म्हणाला. "पाहाले तुम्ही सारे आहाच. मी आयकतो."

त्याच संध्याकाळी त्याचं नाव 'पाठमोरे सर' पडलं. मीही मनमुराद हसलो. ते माझं त्याच्या बाबतीतलं शेवटचं निर्धास्त हसू.

तो काय ऐकत होता ते काही दिवसांनी कळलं. चढाई करणाऱ्यानं 'कबड्डी कबड्डी' म्हणत दम धरायचा असतो, तो तुटला की गडी बाद. आमच्या लेखी दम म्हणजे छातीची ताकद. वैरागडेच्या लेखी दम म्हणजे मनाची खिडकी. त्याचं म्हणणं असं, की खेळाडू कुठे झेप घ्यायची हे ठरवतो त्या क्षणी त्याच्या दमाची लय बदलते. कोणाची किंचित अडते, कोणाची घाई होते. पाय नंतर हलतो. पाहणारा पाय पाहतो, म्हणून त्याला उशिरा कळतं. हे तो मला भिंतीकडे तोंड करून सांगत होता. सांगता सांगता त्यानं बोट वर केलं आणि म्हणाला, "आता." माझ्या डोळ्यांदेखत आमचा गडी त्यानंतर झेपावला.

मी म्हटलं, योगायोग. मग त्याचं बोट पुन्हा वर झालं, पुन्हा झालं. प्रत्येक वेळी बरोबर येत नसे, हे इथे आवर्जून नोंदवतो. पण नुसत्या योगायोगानं यावं त्यापेक्षा पुष्कळच जास्त वेळा यायचं. दुसऱ्या दिवशी तो यायच्या आधी मीही भिंतीकडे तोंड करून उभं राहून पाहिलं. मला नुसतं कबड्डी कबड्डी ऐकू आलं, आणि मान आखडली ती आठवडाभर.

इथवर मी सहन केलं असतं. माझं दुखणं सुरू झालं ते लिंबाखाली. चढाई संपली, गडी वाचून आला किंवा मेला, की वैरागडे त्याला हळूच लिंबाच्या झाडाखाली घेऊन जायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: "आता काय दिसलं तुले?" पोरगं सवयीनं म्हणायचं, डावीकडं जाले पाह्यजे होतं सर, पाय टाकाले पाह्यजे होता. त्यावर वैरागडेचं ठरलेलं वाक्य: "उत्तर नको मले. आठवण सांग." आणि मग तो गप्प बसायचा. त्याच्यासारखं गप्प बसणं मी दुसऱ्या कुणाला जमलेलं पाहिलं नाही. समोरच्याला त्या गप्प बसण्यात चूक वाटायची नाही, घाई वाटायची नाही. जी पोरं माझ्यासमोर 'हो सर' आणि 'नाही सर' यापलीकडे तोंड उघडत नसत, ती लिंबाखाली हातवारे करकरून बोलायची. मी शिट्टी वाजवली तरी तिथून लवकर उठायची नाहीत.

घरीही तो असाच. त्याच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा वहिनींनी चहासोबत तक्रारही आणून ठेवली. "भुसारी भाऊजी, तुम्हीच सांगा. भाजीत मीठ जास्त झालं त माणसानं सरळ म्हणावं ना, खारट झाली म्हणून? हे विचारते, 'मीठ टाकतानी काय विचार करून राहिली होती वं?' मी काय सांगू यायले? मी मीठ टाकून राहिली होती!"

वैरागडे यावर समाधानानं हसला. त्याला राग येत नसे, हा त्याचा आणखी एक अवगुण.

गजानन राऊत हा त्या काळातला माझा सगळ्यात चांगला चढाईपटू. भिवापूरकडचा, शेतकऱ्याघरचा पोरगा. शिकायला नागपुरात आला तेव्हा पायात चप्पल नव्हती आणि कबड्डी त्याला ठाऊक होती ती शेतातल्या मातीतली. त्याला मी हाताशी धरलं. त्याला पहिली पकड सोडवायला शिकवलं ते मी, त्याचा घोटा मुरगळला तेव्हा तेल लावून चोळला तो मी. विदर्भाच्या संघात माझा एक तरी गडी जावा एवढीच माझी इच्छा होती, आणि तो गडी हाच, हे माझ्या मनात पक्कं होतं. दिवाळीनंतर गावाहून परतताना तो माझ्यासाठी मिरच्यांची थैली आणायचा. भिवापूरची मिरची, लालबुंद. सौभाग्यवती ती उन्हात घालायची तेव्हा मी शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं विचारायचो, "गजूनं आणलेली का?"

वैरागडे आल्यावर दुसऱ्याच वर्षी गजूच्या हातात दोन थैल्या होत्या, एक माझी आणि एक वैरागडेची. सौभाग्यवती म्हणाली, "त्यायची थैली भरल्यासारखी दिसत होती जरा." ती सहज बोलली असेल. माझ्या डोक्यात मात्र ती थैली पुढचे कित्येक दिवस होती.

मग टेपरेकॉर्डर आला. भाषा विभागाचा, चकत्यांचा, उचलायला दोन माणसं लागायची असा. वैरागडेनं तो मैदानाच्या कडेला टेबलावर मांडून पोरांचे दम टिपले. एका रविवारी सकाळी मला घरी बोलावलं आणि म्हणाला, "सर, गजूची चढाई आयका. मले तुमचीच मदत पाह्यजे."

मदत पाहिजे म्हटल्यावर मी जरा ताठ बसलो. चकत्या फिरू लागल्या. गजूचा दम ऐकू आला, सलग, खोल, एका लयीत. आणि त्यावर एकाएकी कुणीतरी फाटक्या आवाजात खेकसलं, 'डावा बघ! पाय टाक! अबे टाक ना!' दम तिथे अडखळला, पुन्हा सुरू झाला आणि पकडीत संपला. मी विचारणार होतो, हा कोण ओरडतोय. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं.

आपला आवाज आपण बाहेरून पहिल्यांदा ऐकतो तेव्हा कुणालाच आवडत नाही म्हणतात. पण माझी गोष्ट वेगळी होती. माझं सगळं त्या आवाजावर उभं होतं. वैरागडेनं एकामागून एक चढाया ऐकवल्या. जिथे मी ओरडलो तिथे दम अडखळत होता. सगळीकडे नाही, पण पुष्कळ ठिकाणी.

"तुमचं चुकते असं नाही मी म्हणत," तो हळू म्हणाला. "तुम्ही सांगता ते बरोबरच असते. पण तुम्ही सांगितलं की तो समोरचं पाहणं सोडते आणि तुम्ही सांगितलेलं शोधते. तेवढ्यात पकड बसते."

"वैरागडे," मी म्हटलं, "तुम्ही कधी मैदानावर उतरले का?"

"नाही ना सर."

"मग?"

तो मान खाली घालून चकती गुंडाळत बसला. मी जिंकलो असं मला वाटायला हवं होतं. रस्त्यावर आल्यावर मी नेहमीच्या दुकानात पोहे सांगितले, वर तिखट रश्श्याची तर्री जास्त घातली, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते तर्रीमुळे असं स्वतःला सांगितलं.

वैरागडेनं ती टेप पोरांना ऐकवली नाही, मंडळात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला भांडता आलं असतं. त्यानं ते सगळं माझ्यावर सोडलं आणि पुन्हा आपल्या भिंतीकडे तोंड करून बसू लागला. पण गजू काही मूर्ख नव्हता. लिंबाखाली आठवणी सांगता सांगता त्याला स्वतःलाच ते उमगलं असावं. विदर्भाच्या संघासाठी निवडीचे सामने होते, त्यांच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. बराच वेळ अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला.

"काय गा?" मी म्हटलं.

"सर, राग नोका मानू. उद्या तुम्ही... चूप राहान का जरासे?"

"काहून? पाठमोऱ्या सरांनी सांगितलं का?"

"नाही सर. त्यायनं काहीच नाही सांगतलं. मलेच वाटून राह्यलं."

वैरागडेनं सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी दुप्पट ओरडलो असतो. गजूनं मागितलं, म्हणून मी हो म्हटलं.

तो सामना मी कसा काढला ते माझं मला माहीत. तोंडात रुमालाचा बोळा धरला होता. शेजारी वैरागडे, अर्थात पाठ करून, आणि येणारेजाणारे आम्हा दोघांकडे पाहत होते: एकाला दिसत नाही आणि एकाला बोलता येत नाही. सामना शेवटपर्यंत अटीतटीचा चालला. शेवटची चढाई गजूची. एक गडी मारला तर बरोबरी, आणि निवड करणारे समोरच खुर्च्यांवर. गजू रेषा ओलांडून आत गेला. मला डावा कोपरा उघडा दिसला. लख्ख उघडा! तिथला गडी एक पाऊल पुढे सरकला होता, हात लांबवला असता तरी पुरे होतं. माझ्या घशापर्यंत आलं. मी रुमाल इतका चावला की दाढ दुखली. वैरागडेचं बोट वर गेलं, आणि गजू उजवीकडे झेपावला. मधल्या गड्यानं कमरेला मिठी घातली, दोघं जमिनीवर, दम संपला, सामना संपला. त्या वर्षी गजूची निवड झाली नाही.

मला वाटलं, आता हा पोरगा माझ्याकडे येईल आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडेल. मी त्याला काय म्हणायचं तेही ठरवून टाकलं होतं. आणि खरं सांगायचं तर वैरागडेकडे कसं पाहायचं, हेही ठरवलं होतं.

गजू उठला, माती झटकली, आणि माझ्यासमोरून पुढे जात थेट वैरागडेसमोर जाऊन उभा राहिला. त्याचा चेहरा हरलेल्या माणसाचा नव्हता. "सर," तो धापा टाकत म्हणाला, "आज मले सारं दिसलं! डाव्याचा पाय पुढं व्हता ना, तो मुद्दाम व्हता. फसवून राह्यला व्हता तो मले. म्हून मी उजवीकडं गेलो. मले वाटलं मधला उशिरा येईन. तो आधीच आला. पण मले दिसलं सर, येतानी दिसला तो मले!"

वैरागडे ऐकत राहिला. मग म्हणाला, "निवड नाही झाली गा तुझी."

"हाव ना सर," गजू म्हणाला, आणि मग कुठे त्याचे डोळे भरले.

मी तिथेच उभा होतो. पोरगा जिंकून त्याच्याकडे गेला असता तर मी समजलो असतो. जिंकलेला माणूस कुणाकडेही जातो. पण हरल्यावरचं सांगणं मला मिळायला हवं होतं. ते त्याला मिळालं, आणि त्याबद्दल मी वैरागडेला आजतागायत क्षमा केलेली नाही. डावा कोपरा उघडाच होता, असंही मला आजतागायत वाटतं.

पुढच्या वर्षी गजू विदर्भाच्या संघात गेला, नंतर कप्तान झाला, खेळाच्या जोरावर त्याला बँकेत नोकरी लागली. दमाच्या लयीवर वैरागडे लिहीत होता तो प्रबंध पूर्ण झाला. तो वाचून दिल्लीकडून, पंजाबकडून माणसं आमचं मैदान बघायला यायची. मी दारात उभा असायचो, आणि ती मला विचारायची, "प्रोफेसर साब किधर बैठते हैं?" मी भिंतीकडे बोट दाखवायचो. तिथे आता जमिनीत खुर्चीच्या पायांचे खड्डे पडले होते. पाहुणे ते खड्डे कौतुकानं पाहायचे. वैरागडे प्रत्येकाला सांगायचा, "हे मैदान भुसारी सरांचं. मी इथं पाहुणा." हे तो मनापासून म्हणायचा, आणि मला त्याचा गळा धरावासा वाटायचा.

ओरडणं मी सोडलं का? नाही. कमी केलं. सवय अंगात मुरलेली असते.

गजूचं लग्न झालं ते ऐंशीनंतर, नागपुरातल्याच नंदनवन वस्तीत, वैशाखात, भर दुपारी. मांडवात पंखे होते, पण ते गरम हवाच इकडून तिकडे करत होते. आम्ही दोघंही नवरदेवाकडचे मानाचे पाहुणे. वैरागडे माझ्यापासून दोन-चार खुर्च्या पलीकडे बसला होता, या वेळी स्टेजकडे तोंड करून. आहेर सुरू होते. गजूचे कुणी मामा माईकवर होते, घामानं निथळलेले, घाईत. त्यांनी पुकारलं, "आता नवरदेवाचे गुरुजी! नवरदेवाच्या गुरुजींनी स्टेजवर यावं, गजूचे बाबा त्यायले दुपट्टा-टोपी देऊन राहिले!"

नाव घेतलं नाही. बहुधा त्यांना ठाऊक नसावं.

मी उठलो. आणि त्याच क्षणी वैरागडेही उठला.

आम्ही दोघं उभे, सगळा मांडव बसलेला. गजूनं आमच्याकडे पाहिलं, मुंडावळ्यांच्या आडून. त्याच्या बाबांच्या हातात एकच दुपट्टा होता. हा प्रसंग फार तर श्वासभर टिकला असेल, पण त्या श्वासभरात मी पाय जमिनीत रोवून उभा राहिलो. मी हटणार नव्हतो. मग वैरागडे खाली बसला. कुणाला वाटावं की हा नुसता पॅन्ट सावरायला उठला होता, इतक्या सहज.

मी स्टेजवर गेलो. म्हाताऱ्यानं माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर दुपट्टा घातला, हातात नारळ दिला. माझी इतक्या वर्षांची इच्छा पुरी झाली होती. गजू माझ्या पाया पडला. उठताना त्याची नजर माझ्या खांद्यावरून मांडवात गेली आणि तिथेच राहिली. मला वळून पाहायची गरज नव्हती.

पंगतीत वैरागडे आपणहून माझ्या शेजारी येऊन बसला. "दुपट्टा झकास आहे," म्हणाला.

माझ्यानं राहवलं नाही. "तुम्ही बसले काहून?"

"गुरुजीले बोलावलं ना."

"मग उठले काहून?"

त्यानं पुरी मोडली, वरणात बुडवली, तशीच धरून ठेवली. "मलेही वाटलं थोडा वेळ," तो म्हणाला आणि खाऊ लागला.

मी त्याच्या शेजारी बसून जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही. त्याला उठावंसं वाटलं होतं, त्याला ते हवं होतं, माझ्याइतकंच हवं होतं, आणि तरी तो बसला. आणि हे सगळं एका घासाआधी सांगून मोकळाही झाला. मला हे उभ्या जन्मात जमलं नसतं. तेव्हा मला त्याचा जेवढा हेवा वाटला तेवढा त्याआधी कधी वाटला नव्हता.

जेवण होताच तो निघाला. मुलगा पुण्याला नोकरीला होता, दोघं नवराबायको महिनाअखेर तिकडे कायमचे जाणार होते. पुढे दोनेक वर्षांत तो तिकडेच वारल्याचं कळलं, त्यामुळे मी त्याला पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. मांडवाच्या बाहेर, उन्हात, सायकल हातात धरून तो उभा होता. गजू मुंडावळ्यांसकट त्याला सोडायला धावत गेला होता. दोघं रस्त्याच्या कडेला बोलत होते. गजू हातवारे करत होता, वैरागडे ऐकत होता. डोक्यावर ऊन तापत होतं आणि त्याचं दोघांनाही भान नव्हतं.

मी नारळ मांडीवर घेऊन मांडवात बसलो होतो. सौभाग्यवतीनं पिशवी उचलली. "चला ना आता," ती म्हणाली. "सारे गेले. कोणाची वाट पाहून राहिले?"

"कोणाचीच नाही," मी म्हटलं, आणि आणखी थोडा वेळ बसून राहिलो.